घरच्या घरी वसुदेवाचा प्याला: मुलांना सायफन दाखवण्याची सोपी कृती

पितळेचा वसुदेव प्याला अजूनही काही घरांत आणि जुन्या भांड्यांच्या दुकानांत दिसतो. प्याल्याच्या मधोमध वसुदेव उभा असतो आणि त्याच्या डोक्यावर बाळकृष्ण. प्याल्यात पाणी ओतत गेलं की ते चढत चढत बाळाच्या पावलाला लागतं आणि लगेच बुडातल्या भोकातून वाहायला लागतं. ओतणं थांबवलं तरी वाहणं थांबत नाही, प्याला जवळजवळ रिकामा होतो. मथुरेच्या बंदिशाळेतून गोकुळाकडे निघालेल्या वसुदेवाला पुराच्या यमुनेने वाट दिली, ती गोष्ट कारागिरांनी अशी पाण्यात उतरवली. ग्रीसमध्ये पायथागोरसच्या नावाने ओळखला जाणारा प्यालाही याच तत्त्वावर चालतो.

दोन्हीकडे करामत एकच: आत लपवलेली वाकडी नळी. शाळेच्या पुस्तकात तिला वक्रनलिका म्हणतात, बोलताना आपण सायफन म्हणतो. पितळेच्या प्याल्यात ही नळी दिसत नाही, त्यामुळे मुलं थक्क होतात पण त्यांना कळत काहीच नाही. म्हणून इथे आपण प्याला पारदर्शक करणार आहोत. नळीत पाणी कुठवर चढलं, कधी पलीकडे उतरलं, हवा कुठे अडकली हे सगळं डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आणि प्रत्येक वेळी ओतण्याआधी मुलांना विचारायचं, "आता काय होईल?" या कृतीत शिकणं होतं ते या प्रश्नामुळे.

आठ वर्षांपुढची मुलं मोठ्यांच्या मदतीने प्याला बनवू शकतात. त्याहून लहानांना ओतायला आणि बघायला बसवा. सगळं मिळून तासाभराचं काम आहे.

साहित्य

मुख्य वस्तू म्हणजे नळी. फिश टँकला हवा देण्यासाठी जी मऊ पारदर्शक नळी वापरतात ती घ्या. मासे विकणाऱ्या दुकानात ती मीटरवर मिळते. तिची बाहेरची जाडी साधारण ६ मिमी आणि आतलं भोक ४ मिमी असतं. दीड मीटर घेतली की दोन्ही प्रयोगांना पुरते. शीतपेयाचा स्ट्रॉ वापरू नका. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आहे, आणि कागदी स्ट्रॉ पाण्यात मऊ पडून वाकवलेल्या जागी दुमडतो.

बाटली शीतपेयाची, एक किंवा सव्वा लिटरची, झाकणासह. पाण्याच्या बाटल्या अलीकडे इतक्या पातळ झाल्या आहेत की कापल्यावर त्यांचा आकार टिकत नाही. शीतपेयाची बाटली जाड असते आणि तिचे खांदेही गुळगुळीत असतात. त्याच मापाची दोन-तीन झाकणं जास्तीची जमवून ठेवा, ती लागतात.

याशिवाय: साधारण २० सेंमी उंच काचेची बरणी, जिच्या तोंडावर उलटी बाटली खांद्यांवर टेकून बसेल (तोंड ६ ते ८ सेंमी), टॉर्चचा मोठा सेल, विजेच्या कामातली एकेरी तार, प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली, २० सेंमी, शिवायचा दोरा, चिकटपट्टी, कात्री, मोजपट्टी, मापाचा पेला. पाणी रंगवायला बीट उकळलेलं पाणी किंवा खाण्याचा रंग. हळद नको, ती विरघळत नाही, तळाशी बसते आणि नळीत चिकटते.

आधी साधा सायफन

प्याल्याकडे थेट वळू नका. आधी नुसत्या नळीशी वीस मिनिटं खेळू द्या.

स्टुलावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवा आणि खाली जमिनीवर रिकामी बादली. एक मीटर नळी पातेल्यात पूर्ण बुडवा, वेटोळं करून. आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. एक टोक वर आणि एक खाली धरून नळी हलवली की उरलेले बुडबुडेही निघतात. मग पाण्यातच एका टोकावर अंगठा घट्ट दाबा, ते टोक पातेल्याच्या काठावरून बाहेर काढा, पातेल्यातल्या पाण्याच्या पातळीखाली न्या आणि अंगठा सोडा. दुसरं टोक पाण्याखालीच राहिलं पाहिजे.

तोंडाने ओढून सायफन चालू करायला मुलांना शिकवू नका. आज पाणी आहे, उद्या तेच मूल फिनेल किंवा रॉकेलच्या डब्याला नळी लावेल. बुडवून भरण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडू द्या.

पाणी वाहायला लागलं की मुलाला बाहेरचं टोक हळूहळू वर उचलायला सांगा. धार मंदावते. टोक पातेल्यातल्या पाण्याच्या पातळीला आलं की धार थांबते. पुन्हा खाली नेलं की सुरू होते. त्याहून वर नेलं तर नळीतलं पाणी उलट पातेल्यात परततं. हे पाच-सहा वेळा करू द्या. नळी काठावरून किती उंच गेली आहे याने थांबण्याच्या जागेत काहीच फरक पडत नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्या. मधला भाग हाताने चांगला फूटभर वर उचलूनही बघा. धार चालूच राहते. फरक पडतो तो दोनच उंचींनी: पातेल्यातल्या पाण्याची पातळी आणि बाहेरचं टोक.

थोडी मोठी मुलं असतील तर मोजमापही होईल. बाहेरचं टोक पातळीच्या १० सेंमी खाली धरून २५० मिली पाणी जमायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा, मग ४० सेंमी खाली धरून. अंतर चौपट झालं म्हणून वेळ पावपट होत नाही. तो निम्म्यावर किंवा त्याहून काहीसा खाली येतो, कारण वेग वाढला की नळीच्या भिंतींशी होणारं घर्षणही वाढतं. प्रत्येक वेळी तीच नळी, तीच लांबी वापरा आणि पातेल्यातली पातळी पहिल्या खुणेवर आणून ठेवा, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत.

पाणी वर कसं चढतं

दोरीवर वाळत घातलेली ओली साडी एका बाजूला जास्त लोंबत असेल तर जड बाजू हलक्या बाजूला ओढून घेते आणि साडी घसरत खाली येते. सायफनमध्येही बाहेर उतरणारी पाण्याची बाजू आतल्या बाजूपेक्षा लांब, म्हणून जड असते. ती खाली जाते आणि तिच्यामागे आतलं पाणी वर चढतं.

पण पाणी कापडासारखं विणलेलं नसतं. मग ते मध्ये तुटत का नाही? कारण पातेल्यातल्या पाण्यावर बाहेरची हवा सतत दाब देत असते. वळणापाशी पाणी दोन्हीकडे ओढलं जाऊन पोकळी व्हायला लागली, तर हा दाब खालून पाणी रेटतो आणि पोकळी होऊ देत नाही. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलू शकतो. म्हणून सायफनचं वळण वरच्या पाण्याच्या पातळीपासून दहा मीटरपेक्षा उंच नेलं तर नेहमीच्या पाण्याची सलग धार टिकत नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, तिथे हवा विरळ असल्याने ही मर्यादा नऊ मीटरच्याही खाली येते. आपल्या प्याल्याचं वळण जेमतेम ९ सेंमी उंच, त्यामुळे ती चिंता नाही.

नळीत हवा शिरली की मात्र सगळं संपलं. हवा पसरते, धार तुटते, दोन्ही बाजूंचं पाणी आपापल्या दिशेने खाली येतं. पुढे येणारे बहुतेक बिघाड या एका वाक्यात सामावले आहेत.

प्याला बांधणी

१. बाटलीच्या झाकणाच्या माथ्यापासून १५ सेंमीवर खूण करून बाटली कापा. आपल्याला वरचा, तोंडाकडचा भाग हवा. कापलेला काठ धारदार असतो, त्याच्यावर चिकटपट्टी दुमडून लावा. हे मुलाच्या हातात बाटली देण्याआधी करा.

२. झाकणाच्या मध्यापासून किंचित बाजूला भोक पाडायचं. ५ मिमीचं ड्रिल असेल तर उत्तम. नसेल तर मोठ्यांनी पकडीत धरून तापवलेल्या खिळ्याने, खिडकी उघडी ठेवून, आधी लहान भोक करावं आणि कात्रीचं टोक फिरवत ते थोडं थोडं मोठं करावं. भोक नळीपेक्षा लहानच हवं: ६ मिमीच्या नळीला ५ ते साडेपाच मिमी. मऊ नळी त्यात दाबून बसते आणि तो दाब हाच तिथला बूच. भोक सैल झालं तर गोंद, एम-सील यांच्या नादी लागू नका. झाकणाच्या प्लॅस्टिकला ते धड चिकटत नाहीत, एक-दोन वेळा नळी हलली की सुटतात. सरळ दुसरं झाकण घ्या. जास्तीची झाकणं त्यासाठीच.

३. नळीचा ४० सेंमीचा तुकडा कापा. एक टोक तिरकं, पेन्सिलीसारखं निमुळतं कापा. झाकण बाटलीला घट्ट लावा, बाटली उलटी धरा आणि निमुळतं टोक प्याल्याच्या आतून भोकात घालून बाहेरून पकडीने ओढा. नळीला पाण्याचा हात लावला की सरकते.

४. इथेच थांबून गळती तपासा. नळीचं आतलं टोक प्याल्याच्या काठावर धरून ठेवा, प्याला अर्धा भरा आणि पाच मिनिटं वर्तमानपत्रावर धरा. कागदावर एकही थेंब पडता कामा नये. ही तपासणी आत्ता केली नाही तर पुढे पाणी सायफनने जातंय की फटीतून, हेच कळत नाही.

५. आता वळण. मोठ्यांनी नळीचा मधला भाग मिनिटभर कढत पाण्यात धरावा, मऊ झाली की टॉर्चच्या मोठ्या सेलभोवती अर्धा वेढा द्यावा आणि तसंच धरून गार पाण्यात बुडवावं. मोठ्या सेलची जाडी सव्वातीन सेंमीच्या थोडी वर असते, एवढ्या वळणाला ही नळी दुमडत नाही. अडीच सेंमीच्या आत वळवली की चपटी होऊन मध्येच घडी पडते. वळणाला आकार राहावा म्हणून विजेची तार त्याच वळणात वाकवून नळीला लागून ठेवा आणि दोऱ्याने चार ठिकाणी बांधा. दोरा नळी आवळेल इतका घट्ट नको.

६. उंची लावा. वळणाचा माथा झाकणाच्या आतल्या बाजूपासून ९ सेंमीवर आणा. नळी भोकातून खाली-वर ओढली की हे जमतं. आतलं मोकळं टोक बाटलीच्या मानेत, झाकणापासून एक सेंमी वर येईल असं कापा, आणि तेही तिरकं कापा. सपाट टोक झाकणाला किंवा भिंतीला टेकलं की तोंड बंद होतं. बाहेरची बाजू झाकणाखाली ८ सेंमी ठेवा, उरलेली कापून टाका.

७. वसुदेवाचं चित्र मुलाने काढायचं. कागदाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, कडेने थोडी जास्त सोडून कापलं की कागद भिजत नाही. चित्र नळीसमोर दोऱ्याने बांधा. बाळाचं पाऊल कुठे यावं याला महत्त्व आहे. वळणाच्या माथ्यावर नळी आडवी असते. तिच्या जाडीच्या बरोबर मधोमध पाऊल आलं पाहिजे. पाणी नळीच्या आतल्या खालच्या कडेला पोचलं की पलीकडे ओघळायला लागतं, आणि आतल्या वरच्या कडेपर्यंत पोचेतो नळी पूर्ण भरून धार लागते. या दोन कडांमध्ये फक्त ४ मिमी आहेत. पाऊल त्याहून वर ठेवलं तर पाणी पायाला न लागताच निघून जातं. खाली ठेवलं तर पाय बुडतो आणि काहीच घडत नाही.

ओतताना

प्याला बरणीच्या तोंडावर बसवा. रंगीत पाणी एका धारेने, सावकाश ओता. बघायचं ते हे: प्याल्यात पाणी जितकं चढतं, नळीच्या आतल्या बाजूतही तितकंच चढतं, एक केसही मागेपुढे नाही. पाणी पावलाच्या जरा खाली आलं की हात थांबवा. पाऊल अजून कोरडं आहे, प्याला शांत आहे. मुलांना विचारा, आता अजून दोन चमचे पाणी घातलं तर किती बाहेर जाईल? बहुतेक मुलं "दोन चमचे" म्हणतात. तसं वाटणं अगदी रास्त आहे, भरलेल्या बादलीतून तेवढंच सांडतं.

चमच्याने पाणी घाला. पाणी वळण ओलांडतं, बाहेरच्या बाजूत भरत जातं आणि धार सुरू होते. पाव लिटरच्या आसपास पाणी (बाटलीनुसार कमीजास्त) अर्ध्या मिनिटाच्या सुमाराला उतरतं. शेवटी आतल्या टोकापाशी छोटा भोवरा होतो, गुळगुळ आवाज येतो, हवा आत शिरते आणि धार तुटते. मानेत थोडं पाणी उरतं, कारण टोकाखालचं पाणी नळीत येऊच शकत नाही. प्रत्येक वेळी बरणी रिकामी करून घ्या.

काय बिघडतं

सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड: पाणी वळणावरून नुसतं ओघळत राहतं, पातळी आहे तिथेच राहते. याचा अर्थ नळी पूर्ण भरत नाही, बाजूने पाणी जातं आणि मधून हवा. १० मिमीच्या किंवा त्याहून रुंद नळीत हे हटकून होतं, म्हणून जाड नळी घेण्याचा मोह टाळा. ४ मिमीच्या नळीत पाण्याचा थर दोन्ही भिंतींना धरून अख्खं भोक भरतो, त्यामुळे अगदी हळू ओतलं तरी धार सुरू होते. तरीही ओघळत असेल तर शेवटचं अर्धी वाटी पाणी एकदम ओता.

पाणी पावलाच्या वर गेलं तरी काहीच होत नाही, असं झालं तर बाहेरची बाजू बघा. तिचं टोक बरणीतल्या पाण्यात बुडलं असेल, किंवा नळी मध्येच झोका घेऊन पुन्हा वर आली असेल आणि त्या झोक्यात मागच्या वेळचं पाणी साचलं असेल. दोन्हीत वळणातली हवा कोंडते आणि तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. बाहेरची बाजू सरळ खाली ठेवा, झटकून कोरडी करा.

धार सुरू होऊन अर्ध्यावर थांबली तर कारण दोनपैकी एक. एकतर आतलं टोक वर उचललं गेलं आहे, किंवा वळणापाशी नळीला बारीक छिद्र आहे. छिद्रातून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून ते नुसत्या नजरेला सापडत नाही. नळी पाण्यात बुडवून एक टोक बंद करून दुसऱ्यातून फुंका, बुडबुडे जागा दाखवतील. नळी बदला.

धार आहे पण बारीक, असं असेल तर वळणात घडी किंवा आवळलेला दोरा शोधा.

पुढचे प्रयोग

प्याला बेसिनमध्ये नळाखाली ठेवा आणि नळाची बारीक धार सोडा. प्याला भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो, कोणी हात न लावता. आता नळ थोडा थोडा वाढवत जा. एक वेळ अशी येते की प्याला भरतही नाही, रिकामाही होत नाही, धार अखंड चालू राहते. नळातून येणारं पाणी आणि नळीतून जाणारं पाणी सारखं झालं की आत हवा शिरायची संधीच उरत नाही. आपल्या नळीतून सेकंदाला साधारण आठ-दहा मिली पाणी जातं, त्यामुळे नळ त्याहून मोठा सोडला तर प्याला काठावरून वाहेल. मापाचा पेला घेऊन मुलांना दोन्ही धारा मोजू द्या. वाया जाणारं पाणी बादलीत धरून झाडांना घाला.

घरात वॉशिंग मशीन असेल तर साबणाचा खण ओढून बघा. बऱ्याच मशीनमध्ये कपडे मऊ करणाऱ्या द्रावाच्या कप्प्यात टोपीसारखा एक भाग असतो आणि बाजूला "मॅक्स" अशी रेघ. टोपी काढली की खाली उभी नळी दिसते. तोही वसुदेव प्यालाच आहे: मशीन ठरलेल्या वेळी त्या कप्प्यात पाणी सोडतं, पातळी नळीच्या वर जाते आणि सगळा द्राव कपड्यांत उतरतो. रेघेच्या वर द्राव ओतला तर तो लगेच, चुकीच्या वेळी निघून का जातो, हे प्याला बनवलेल्या मुलाला विचारून बघा.

खेळ झाल्यावर नळीतून स्वच्छ पाणी जाऊ द्या, मानेत उरलेलं पाणी ओतून टाका, नळी झटका आणि प्याला सरळ, बाहेरचं टोक खाली ठेवून वाळवा. बिटाचं पाणी आत राहिलं तर दोन दिवसांत नळीत बुळबुळीत थर धरतो, आणि मग ती फेकण्यावाचून इलाज नसतो.